ख्रिसमसचे शब्द: एका रद्द झालेल्या सणाची गोष्ट

१.
२५ डिसेंबर १६४७, शनिवार. स्थळ: इंग्लंडमधील कँटरबरी. आज नेहमीसारखा बाजार भरेल आणि दुकाने उघडी राहतील, अशी दवंडी महापौरांनी आधीच पिटवली होती. प्रत्यक्षात मोजक्याच दुकानदारांनी फळ्या काढल्या. जमावाने त्यांना दुकाने बंद करायला लावली आणि माल रस्त्यावर फेकला. महापौर मध्ये पडले, तेव्हा त्यांनाही जमावाने खाली पाडले. लोकांनी दारांवर हॉलीच्या हिरव्या डहाळ्या लावल्या आणि भर रस्त्यात फुटबॉलचा खेळ मांडला. हे सारे कशासाठी? नाताळ साजरा करता यावा यासाठी; कारण इंग्लंडच्या संसदेने त्याच वर्षी हा सण कायद्याने रद्द केला होता.

२.
इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात डिसेंबरच्या सुमारास शब्दांची एक गोजिरी यादी हमखास येते: ख्रिसमस, यूल, कॅरल, फादर ख्रिसमस, बॉक्सिंग डे, स्क्रूज, सांता क्लॉज. विद्यार्थी अर्थ पाठ करतात आणि पुढे जातात. वस्तुतः यांतील बहुतेक शब्दांवर एका जुन्या झगड्याच्या खुणा आहेत. देवाचा दिवस कोणता, हा त्या झगड्याचा वरवरचा प्रश्न होता. त्याखाली दुसरा प्रश्न दडलेला होता: कष्टकऱ्याला काम थांबवण्याचा हक्क कोणत्या दिवशी आणि कोणाच्या परवानगीने? ही यादी त्या प्रश्नाच्या उजेडात वाचण्याजोगी आहे.

३.
सर्वांत जुना शब्द 'यूल'. 'ख्रिसमस' हा शब्द रूढ होण्यापूर्वी इंग्लंडमध्ये हाच चालत असे. इसवी सन ७२५ च्या सुमारास बीड या विद्वान मठवासीयाने कालगणनेवर ग्रंथ लिहिला. अँग्लो-सॅक्सन लोकांच्या जुन्या पंचांगात आजच्या डिसेंबर आणि जानेवारीच्या आसपासच्या महिन्यांना 'गिउली' म्हणत, असे त्याने नोंदवले आहे. २५ डिसेंबरच्या रात्रीला पूर्वी 'मातांची रात्र' असे नाव होते, हेही तोच सांगतो. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये या सणाला आजही 'यूल' म्हणतात. धर्म बदलला, सणाचा अर्थ बदलला. उत्तरेकडील देशांनी जुने नाव मात्र सोडले नाही.

४.
दुसरे जुने नाव 'मध्य-हिवाळा'. १०६६ च्या नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टर येथे विल्यम द काँकररला राज्याभिषेक झाला. अँग्लो-सॅक्सन बखरीत त्या दिवसाची नोंद 'मध्य-हिवाळ्याचा दिवस' अशीच आहे. हे नाव शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण होते. शेतातली बहुतेक कामे उरकलेली, शरद ऋतूत कापलेल्या जनावरांचे मांस घरात, नवी मद्ये पिण्याजोगी झालेली, आणि दिवस इतका लहान की काम करायचे म्हटले तरी उजेड अपुरा. वर्षातली मोठी विश्रांती याच काळात येणे स्वाभाविक होते. नाताळपासून एपिफनीपर्यंतचे 'बारा दिवस' या विश्रांतीचेच दिवस.

५.
'ख्रिसमस' म्हणजे 'ख्रिस्ताची मिस्सा'. जुन्या इंग्रजीत तो दोन स्वतंत्र शब्दांनी लिहिला जाई. पुढे ते एकजीव झाले. मराठी आणि कोकणी कॅथलिक घरांत 'मिस्सा' हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे, आणि इंग्रजीतील 'मास' त्याचेच भावंड. दोघांचे मूळ लॅटिन 'मिस्सा'. उपासना संपताना धर्मगुरू जमलेल्यांना निरोप देत असे. त्या निरोपाच्या शब्दावरून संपूर्ण विधीला हे नाव पडले. याचा अर्थ, ख्रिसमस या शब्दाच्या पोटातच 'आता तुम्ही मोकळे' असा एक अर्थ दडलेला आहे.

६.
येथेच एक गैरसमज दूर करावा. 'एक्समस' हे रूप आधुनिक आहे आणि त्यातून ख्रिस्ताचे नाव हेतुपुरस्सर खोडले आहे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो 'एक्स' इंग्रजी नाही. ग्रीक लिपीत 'ख्रिस्तोस' या नावाचे पहिले अक्षर 'खी'. त्याचा आकार एक्ससारखा दिसतो. चर्मपत्र महाग होते आणि लेखन कष्टाचे, म्हणून मध्ययुगीन लेखनिक ख्रिस्ताचे नाव या अक्षराने संक्षेपात लिहीत. म्हणजे हे लघुरूप लिहिणारे पहिले हात श्रद्धावंतांचेच होते.

७.
'कॅरल' हा शब्द आज चर्चमधील गीताची आठवण करून देतो. पण जुन्या फ्रेंचमध्ये 'कॅरोल' म्हणजे हातात हात गुंफून, फेर धरून, गात गात केलेले नृत्य. आपल्याकडच्या भोंडल्याच्या फेराशी त्याचे साम्य सहज लक्षात यावे. नृत्य मागे पडले, गाणे उरले. १५२१ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने लंडनमध्ये नाताळगीतांचा संग्रह छापला. त्याचा आज केवळ एक तुकडा शिल्लक आहे. त्यात रानडुकराचे मुंडके मेजवानीत आणतानाचे गीत आहे. इंग्लंडमधील जुना नाताळ हा असा होता: अर्धा देवळातला, अर्धा पंगतीतला.

८.
या दुसऱ्या अर्ध्यावरच सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील कडव्या प्रोटेस्टंटांचा, म्हणजे प्युरिटनांचा, रोष होता. त्यांचा युक्तिवाद साधा होता. बायबलमध्ये ख्रिस्तजन्माची तारीख कोठेही दिलेली नाही. हा दिवस पाळण्याची आज्ञाही नाही. मग मद्य, जुगार आणि नाचगाण्याला देवाचे नाव कशाला? त्यांना सणाच्या नावातील 'मिस्सा' सुद्धा खटके, कारण मिस्सा हा कॅथलिकांचा विधी. म्हणून त्यांच्यातील काहींनी 'ख्रिस्त-टाइड', म्हणजे 'ख्रिस्ताचा काळ', असा पर्यायी शब्द चालवून पाहिला. तो रुजला नाही.

९.
'हॉलिडे' या शब्दाचाही येथे विचार व्हायला हवा. त्याचे मूळ रूप 'होली डे', पवित्र दिवस. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सुट्टी मिळण्याचे मुख्य कारण म्हणजे कोणा संताचा किंवा ख्रिस्ताचा पवित्र दिवस. प्युरिटनांच्या मते पवित्र दिवस एकच, रविवार. हे मत धर्मशास्त्रात कितीही सुसंगत असले, तरी त्याचा व्यावहारिक परिणाम सरळ होता: पवित्र दिवस गेले की सुट्ट्याही गेल्या. रविवारी खेळण्यास मनाई आणि इतर दिवशी काम सक्तीचे, अशी कष्टकऱ्यांची कोंडी झाली.

१०.
१६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले. संसदेने प्रत्येक महिन्याचा शेवटचा बुधवार उपवासाचा ठरवला होता. १६४४ मध्ये २५ डिसेंबर नेमका त्याच बुधवारी आला. संसदेचा आदेश निघाला: उपवासच पाळावा. १६४५ मध्ये नवी उपासना-पद्धती लागू झाली, तिच्यात नाताळला स्थान नव्हते. आणि जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आणि व्हिट्सन हे तिन्ही सण वटहुकमाने रद्द झाले.

११.
याच वटहुकमात एक तरतूद होती, जी बहुतेक लेखांत निसटते. सण रद्द झाल्याने विद्यार्थी, शिकाऊ कारागीर आणि नोकर यांची विश्रांती बुडत होती, आणि त्यांची कुरबुर संसदेपर्यंत पोचली होती. म्हणून भरपाई देण्यात आली: दर महिन्याचा दुसरा मंगळवार मोकळा. हिशोबाने पाहता हा सौदा तोट्याचा नव्हता. वर्षाला बारा दिवस मिळत होते. तरीही लोकांचे समाधान झाले नाही. सुट्टी मोजून देता येते. पण सगळ्या गावाने एकाच वेळी हातचे काम ठेवणे, आजोबांपासून चालत आलेले पदार्थ रांधणे, दार सजवणे, हे सारे मंगळवारच्या हिशोबात बसणारे नव्हते.

१२.
म्हणून कँटरबरी पेटले. पुढील काही दिवस शहरावर जमावाचा ताबा होता. नंतर सैन्य आले आणि पुढाऱ्यांना अटक झाली. मे १६४८ मध्ये त्यांच्यावर खटला भरण्याची वेळ आली, तेव्हा स्थानिक ज्यूरीने आरोप मान्य करण्यास नकार दिला. त्यातूनच केंट परगण्यात राजाच्या बाजूने उठाव उभा राहिला आणि तो दुसऱ्या यादवी युद्धाचा भाग बनला. दुकानाच्या फळ्यांवरून सुरू झालेले भांडण पाच महिन्यांत युद्धभूमीपर्यंत गेले. फुटबॉल आणि हॉलीच्या डहाळ्या, एवढीच सुरुवात होती.

१३.
'क्रॉमवेलने ख्रिसमसवर बंदी घातली' हे वाक्य समाजमाध्यमांवर दर डिसेंबरला फिरते. ते अचूक नाही. ऑलिव्हर क्रॉमवेल देशाचा सर्वाधिकारी झाला १६५३ मध्ये; सण रद्द करण्याचा वटहुकूम त्यापूर्वी सहा वर्षे संसदेने काढलेला होता. त्याच्या राजवटीत बंदी कायम राहिली, एवढे खरे. १६६० मध्ये राजेशाही परतली, तेव्हा त्या काळातील असे सर्व वटहुकूम रद्दबातल ठरले आणि नाताळ कायद्याने मोकळा झाला.

१४.
'फादर ख्रिसमस' आणि 'सांता क्लॉज' हे आज एकच समजले जातात. त्यांचे कूळ मात्र वेगळे. फादर ख्रिसमस हे इंग्लंडमधील सणाचेच मानवी रूप. १६१६ च्या नाताळात बेन जॉन्सनने राजदरबारासाठी लिहिलेल्या नाट्यात 'ख्रिसमस' हे पात्र आपल्या मुलाबाळांसह रंगमंचावर येते. बंदीच्या काळात पत्रकलेखकांनी या म्हाताऱ्याला राजकीय पात्र बनवले. १६५८ च्या एका पुस्तिकेत तर म्हाताऱ्या फादर ख्रिसमसवर रीतसर खटला चालतो. तो लहान मुलांना खेळणी वाटत नव्हता. आपल्याला घराबाहेर का काढले, असा जाब विचारणारा तो एक वयोवृद्ध पाहुणा होता.

१५.
सांता क्लॉज आला अटलांटिकपलीकडून. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे होऊन गेलेला बिशप संत निकोलस. डच भाषेत त्याचे नाव झाले 'सिंटरक्लास'. न्यूयॉर्कमधील डच परंपरेतून इंग्रजीत आले 'सांता क्लॉज'. १८२३ मध्ये वृत्तपत्रात छापलेल्या एका कवितेने त्याला आठ रेनडियरांची गाडी दिली, आणि १८६३ पासून थॉमस नास्टच्या व्यंगचित्रांनी त्याला गुबगुबीत देह दिला. गंमत अशी की याच अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता.

१६.
'बॉक्सिंग डे' भारतीय तरुणांना परिचित आहे तो मेलबर्नच्या कसोटी सामन्यामुळे. त्याचा मुष्टियुद्धाशी काहीही संबंध नाही. येथे 'बॉक्स' म्हणजे डबा. १६११ मध्ये रँडल कॉटग्रेव्हने आपल्या फ्रेंच-इंग्रजी शब्दकोशात एका फ्रेंच शब्दाचा अर्थ देताना 'ख्रिसमस बॉक्स' हा शब्द वापरला: नाणे टाकायला फट असलेला डबा, जो इंग्लंडमध्ये खानसामे आणि शिकाऊ मुले वापरतात. १९ डिसेंबर १६६३ रोजी सॅम्युअल पेपिसने रोजनिशीत नोंद केली आहे की चांभाराचे बिल चुकते करताना दुकानातील पोरांच्या नाताळच्या डब्यातही त्याने काही टाकले. आपल्याकडील दिवाळीच्या पोस्ताचे हे सख्खे भावंड. वर्षभर राबणाऱ्याने वर्षातून एकदा हात पुढे करावा आणि तो हात कोणी झिडकारू नये, अशी ही रीत होती.

१७.
एकोणिसाव्या शतकात नाताळवर पुन्हा संकट आले. या वेळी कारण धर्माचे नव्हते. कारखान्याचे यंत्र मध्य-हिवाळ्यात थांबत नाही. दिव्याच्या उजेडातही ते चालते. १८३४ पर्यंत बँक ऑफ इंग्लंड संतांचे दिवस धरून वर्षाला सुमारे ३३ सुट्ट्या पाळत असे. त्या वर्षी त्या चारवर आल्या. नाताळ त्यांपैकी एक. १८३३ च्या कारखाना कायद्याने मुलांना आणि किशोरांना नाताळ आणि गुड फ्रायडे हे दोन पूर्ण दिवस आणि आठ अर्धे दिवस मोकळे दिले. प्रौढ कामगारांचा त्यात समावेश नव्हता. संसदेने एकेकाळी रद्द केलेला दिवस आता संसदच, अगदी हात आखडून का होईना, परत करत होती.

१८.
याच पार्श्वभूमीवर १९ डिसेंबर १८४३ रोजी चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही कादंबरिका प्रसिद्ध झाली. बालकामगारांविषयीचा सरकारी अहवाल वाचून डिकन्स अस्वस्थ झाला होता. तो स्वतः बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या कारखान्यात राबला होता. आधी त्याच्या मनात एक पत्रक लिहायचे होते. मग त्याने गोष्ट लिहिली. पहिल्या ६००० प्रती नाताळपूर्वीच संपल्या. त्या गोष्टीतील कंजूष मालकाचे आडनाव 'स्क्रूज' पुढे इंग्रजीत सामान्यनाम झाले.

१९.
पण स्क्रूज केवळ पैशांचा कंजूष नाही. कथेच्या आरंभी त्याचा आणि कारकून बॉब क्रॅचिटचा वाद आहे तो एका दिवसाच्या रजेवरून. पगार कापला तर नोकर अन्याय म्हणतो. मग कामाशिवाय पगार देताना मालकावर अन्याय होत नाही का, असे स्क्रूजचे गणित. डिकन्सच्या वाचकांना हे गणित चांगलेच ठाऊक होते. कथेच्या शेवटी स्क्रूज बदलतो आणि क्रॅचिटच्या घरी भलामोठा टर्की पक्षी पाठवतो. मात्र तो पक्षी त्याला नाताळच्याच सकाळी विकत मिळतो, कारण पक्षी विकणाऱ्याचे दुकान त्या दिवशीही उघडे असते. एकाच्या सणाखाली दुसऱ्याचे काम असते, हे डिकन्सने न सांगताही त्याच्या कथेत उमटले आहे.

२०.
आज 'प्राचीन परंपरा' म्हणून शिकवले जाणारे बरेच काही याच दशकातले आहे. पहिले व्यापारी नाताळ-कार्ड हेन्री कोलने १८४३ मध्येच काढले. त्याआधी तीन वर्षे एका पेनीत पत्र पोचवणारी टपालसेवा सुरू झाली होती. टॉम स्मिथ या मिठाईवाल्याने नाताळचा 'क्रॅकर' १८४७ च्या सुमारास विकायला आणला. जर्मन प्रथेचे नाताळझाड इंग्लंडच्या राजवाड्यात पूर्वीच आले होते. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र सचित्र साप्ताहिकात छापले गेले आणि ते मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचले. रस्त्यावरचा सण घरात आला. भर चौकात फुटबॉल खेळणाऱ्या १६४७ च्या जमावाला हा शांत, कौटुंबिक नाताळ कदाचित ओळखूही आला नसता.

२१.
१८७१ मध्ये सर जॉन लबक यांच्या प्रयत्नांनी बँक-सुट्ट्यांचा कायदा झाला. इंग्लंडसाठी त्यात २६ डिसेंबर होता. २५ डिसेंबर लिहिण्याची गरजच नव्हती, कारण तो दिवस रूढीनेच सुट्टीचा मानला जात होता. शिकाऊ पोरांच्या डब्याचा दिवस अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात शिरला. उत्तरेत स्कॉटलंडमध्ये मात्र प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा ठसा खोल होता. बँका वगळता तेथे नाताळ हा बहुतेकांसाठी कामाचाच दिवस राहिला. सार्वजनिक सुट्टी झाली ती थेट १९५८ मध्ये. स्कॉटिश लोक नववर्षाचा 'हॉगमने' एवढ्या जल्लोषात का साजरा करतात, याचे एक कारण येथे सापडते.

२२.
आता आपल्या शब्दाकडे. 'नाताळ' इंग्रजीतून आलेला नाही. तो पोर्तुगीज 'नाताल', मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माचा. फ्रेंच 'नोएल' आणि इटालियन 'नाताले' ही त्याचीच भावंडे. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाची जहाजे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत होती, म्हणून त्या किनाऱ्याला 'नाताळ' हे नाव पडले. १८९४ मध्ये गांधीजींनी जेथे 'नाताळ इंडियन काँग्रेस' स्थापन केली, तो हाच प्रदेश. सणाचा आणि प्रांताचा शब्द मराठीत सारखा दिसतो, तो योगायोग नाही.

२३.
फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात पोचला. त्याच्या मायदेशी कॅथलिक असणे तेव्हा धोक्याचे होते. १६१६ मध्ये, म्हणजे लंडनच्या दरबारात बेन जॉन्सनचा 'ख्रिसमस' रंगमंचावर आला त्याच वर्षी, स्टीफन्सचे मराठी 'ख्रिस्तपुराण' गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. ख्रिस्तजन्माची कथा त्यात ओवीछंदात आहे. मात्र चित्राची दुसरी बाजू झाकता येत नाही. याच गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने हिंदूंची मंदिरे पाडली होती आणि त्यांच्या जाहीर सणसमारंभांवर बंदी घातली होती. इंग्लंडमध्ये सत्तेने ज्या सणावर पुढे घाला घातला, तो सण गोव्यात सत्तेचा होता. बंदी घालणारे आणि बंदी सोसणारे हे धर्मावरून कायमचे ठरलेले नसतात. ते ठरते सत्ता कोणाच्या हाती आहे यावर.

२४.
शेवटी शब्दांचा हिशोब. प्युरिटनांचा 'ख्रिस्त-टाइड' विसरला गेला. त्यांना नको असलेली 'मिस्सा' ख्रिसमसमध्ये जशीच्या तशी आहे. दर महिन्याचा दुसरा मंगळवार कोणाच्या स्मरणात नाही. पोरांच्या डब्याचा दिवस मात्र दिनदर्शिकेत आहे. 'स्क्रूज' ही शिवी झाली. यातील एकही निवाडा कोणत्या संसदेने दिलेला नाही. तो लोकांनी बोलता बोलता दिला. मराठीत 'सुट्टी' हा शब्द 'सुटणे' या क्रियापदाशी जोडलेला आहे, आणि 'मिस्सा'च्या मुळाशीही मोकळे होण्याचाच निरोप आहे. २५ डिसेंबरला कोणी 'मेरी ख्रिसमस' म्हणेल, तेव्हा त्या दिवशी कोण सुटला आणि कोणाचे दुकान उघडेच राहिले, हा प्रश्न १६४७ इतकाच ताजा असेल.

(थ्रेड समाप्त)